गैरहजर माणसाचं स्टूल

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास कार्यानुभवाचा असायचा. त्या तासाला भदाणे सर पहिल्यांदा वर्गात आले ते डाव्या हातात एक लाकडी स्टूल लटकवून. प्रयोगशाळेतलं जुनं स्टूल, तीन पायांचं, वर शाईचा मोठा डाग. दर शनिवारी सर ते वर्गाच्या मधोमध ठेवायचे. त्यांनी सांगितल्याशिवाय त्यावर कुणी बसायचं नाही, ते स्वतःही बसायचे नाहीत. मग हजेरी घेण्याऐवजी ते विचारायचे, "इथं कोण नाही?"

पहिल्या शनिवारी आम्ही न आलेल्या पोरांची नावं सांगितली. सर म्हणाले, "त्यांना ताप आला असेल, सोमवारी येतील. मी ज्याच्याबद्दल विचारतोय तो कधीच येणार नाही, कारण त्याला कुणी बोलावलेलंच नाही." आम्हाला काही कळलं नाही. मागच्या बाकावरचं कुणी तरी हळूच म्हणालं, "भूत शे रे भो," आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली.

ही भडगावची हकीकत आहे, गिरणेकाठची. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी नववीत होतो. माझं नाव सुपडू. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर मला सुपात घातलं आणि तेच नाव ठेवलं. आज जळगावात माझा जुन्या यंत्रांचा व्यापार आहे. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं मी उचलतो, दुरुस्त करतो आणि विकतो. भाव करण्यात माझा हात धरणारे थोडे आहेत, आणि रागात तर कुणीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भदाणे सरांबद्दल गोड बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही.

इतर शाळांत कार्यानुभव म्हणजे खडू तयार करणे, नाही तर कागदाची फुलं. आमच्या मुख्याध्यापकांना तो तास गणिताला हवा होता. सरांनी दिला नाही. त्यांची पहिली गोष्ट पाटाच्या पाण्याची होती. तुझी पाळी संपली आहे, शेताचा एक कोपरा कोरडा राहिला आहे, पाटकरी दुसऱ्या टोकाला गेला आहे. पाटाचं दार अजून थोडा वेळ उघडं ठेवशील का? ठेवणाऱ्यांनी खिडकीच्या भिंतीला जायचं, बंद करणाऱ्यांनी दाराच्या भिंतीला. जवळजवळ सगळा वर्ग खिडकीला गेला, शेतकऱ्यांचीच पोरं होती. मग सरांनी खिडकीकडच्या एका मुलीला स्टुलावर बसवलं. "आता तू शेवटच्या शेताची मालकीण. पाणी तुझ्यापर्यंत आलं नाही. बोल." ती पोरगी आधी लाजली, मग बोलायला लागली, आणि बोलता बोलता रडकुंडीला आली. तिच्या घरचं शेत खरंच पाटाच्या टोकाला होतं. तरी ती पहिल्यांदा खिडकीच्याच भिंतीला गेली होती.

मी त्या दिवशी दोन्ही भिंतींच्या मधे उभा राहिलो. म्हणालो, "सर, अर्धं दार उघडं ठेवलं तर?"

सर शुद्ध बोलायचे, पण राग आला किंवा माया वाटली की धुळ्याकडची अहिराणी वर यायची. म्हणाले, "सुपडू, मझार उभं ऱ्हावाले जागा नही शे. कोनती तरी एक भित धर."

"पण सर, थोडं त्याचं, थोडं आपलं..."

"भाव करू नको. तुझ्या अर्ध्या दारानं त्याची केळी अर्धी जगत नाही."

सर शाबास कधी म्हणायचे नाहीत. तुम्ही काही चांगलं बोललात तर फक्त म्हणायचे, "पुढं?" ते 'पुढं' मिळावं म्हणून आम्ही जीव टाकायचो. आणि त्यांचा एक नियम होता, तो दर शनिवारी एकदा सांगायचेच: स्टुलावर बोललेलं स्टुलाचं. ते ह्या दाराबाहेर न्यायचं नाही. तास संपला की ते स्वतः स्टूल उचलायचे आणि पाय वर करून कोपऱ्यात ठेवायचे, म्हणजे कुणी चुकूनही त्यावर बसू नये.

दिवाळीनंतर त्यांनी दुसरं काम काढलं. प्रत्येकानं एका कामकरी माणसाबरोबर त्याचा कामाचा पूर्ण दिवस काढायचा. मदत करायची नाही, नुसतं बघायचं. वहीत लिहायचं, तिथली एखादी वस्तू चितारायची आणि त्या माणसाला दोन प्रश्न विचारायचे. तुम्ही उद्या आला नाहीत तर कुणाचं अडेल? आणि, तुमच्या कामातलं काय कुणालाच दिसत नाही? पोरं कुठं कुठं गेली. एक पोस्टमनबरोबर दिवसभर फिरला. एक मुलगी सुईणीच्या ओट्यावर बसून आली. मी कुंभाराकडे जातो म्हणालो, कारण त्याचं घर शाळेला लागून होतं. सरांनी माझं नाव खोडलं. "तुझा बाप जिनमधे मिस्त्री आहे ना? कधी गेलायस?"

"रोज डबा नेतो की."

"डबा देऊन परत येतोस. बघितलंयस का कधी?"

बघितलं नव्हतं. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. जिनच्या मागं मालकाच्या, म्हणजे शेटच्या, चाळीत आम्हाला खोली होती आणि यंत्राचा आवाज मला आईच्या हाकेइतका सवयीचा होता. पण त्या दिवशी पहिल्यांदा आत बसलो. सीझन जोरात होता. कापसाच्या धुळीनं समोरचं माणूस पांढरं दिसायचं. दोन्ही बाजूंना सरकी काढणारे रेचे, त्यांच्यासमोर बाया कापूस घालत उभ्या, आणि मागून जाडजूड पट्टे फिरत असायचे. नाना त्या सगळ्या गोंगाटात मान तिरपी करून चालायचे. कोणता आवाज वेगळा आहे ते ऐकायचे, आणि तिथं जाऊन हात ठेवायचे. वैद्य नाडी बघतो तसे.

चौथ्या रेच्यावर केशरबाई होती. तिशीतली, विधवा, तोंडाला फडकं बांधलेली. मला बघून ओरडली, "मिस्तरीना पोऱ्या शे ना रे तू? काय लिखी ऱ्हायना?"

"शाळेचं शे."

"मंग मनं बी नाव लिख. केशर. चांगलं मोठं लिख, भो. बठ्ठासले दिसाले पाह्यजे."

मी लिहिलं. सगळ्यांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत: केशरबाई, चौथा रेचा.

दुपारी लिंबाखाली डबा खाताना नानांना दोन प्रश्न विचारले. पहिल्याला ते नुसते हसले. दुसऱ्याला म्हणाले, "यंत्र बंद पडनं का बठ्ठा मिस्तरीले हाका मारतस. नही पडनं तर मिस्तरी कोनलेच दिसत नही." मी तेही लिहून घेतलं. मग चितारायला वस्तू हवी होती. भिंतीला टेकवून ठेवलेली एक लोखंडी जाळी दिसली, माणसाच्या छातीएवढी. जाळी काढायला सोपी, नुसत्या आडव्याउभ्या रेघा. मी तीच काढली आणि विचारलं, "नाना, ही कशाची?" नानांनी इकडंतिकडं बघितलं. पट्ट्यावरची शे, म्हणाले. कापूस अडकतो, सारखं थांबवावं लागतं, म्हणून काढली. पुढं आणखी काही बोलले. मी चित्राखाली तीनचार ओळी खरडल्या आणि सोमवारी वही सरांकडे दिली.

बारा दिवसांनी केशरबाईचा पदर पट्ट्यात गेला. त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही. ती तिसऱ्या दिवशी वारली. मागं म्हातारी सासू आणि पाच वर्षांचा मुलगा, प्रकाश. शेट म्हणाले, बाईचीच चूक, पदर खोचला नव्हता. जिनमधे सगळ्यांनी माना हलवल्या. नानांनीही. रात्रीतून जाळी परत पट्ट्यावर बसली होती. कुणी बसवली ते मला माहीत होतं, कारण नाना सकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या हाताला ओलं ग्रीस होतं.

त्या शनिवारी सरांनी गोष्ट सांगितली ती गुऱ्हाळाची. चरकात एका बाईचा हात गेला. मालक म्हणतो तिची चूक. एका माणसाला खरं माहीत आहे, पण तो त्याच मालकाच्या घरात राहतो. त्यानं सांगावं का? वर्गात कुणीही हललं नाही. गुऱ्हाळ कुठलं आणि चरक कुठला, हे सगळ्यांना कळलं होतं. मग एकेक जण भिंतीला गेला. मी मधेच राहिलो. ह्या वेळी सर मला भिंत धर म्हणाले नाहीत. त्यांनी स्टुलाकडं बघितलं आणि म्हणाले, "सुपडू, बस."

वर्गात चाळीस पोरं होती. नाव माझं घेतलं. माझ्या तक्रारीची सुरुवात इथून आहे.

मी बसलो. सर म्हणाले, "आता तू ती बाई." मी मान खाली घातली. खाली शाईचा डाग दिसत नव्हता, मीच त्याच्यावर बसलो होतो. तोंडातून शब्द आले ते माझे वाटलेच नाहीत. "पट्ट्यावर जाळी होती. ती काढली. तिथंच भिंतीला लावून ठेवली होती. मी रोज बघायचे. मला वाटायचं, मिस्त्री आहेत, त्यांना कळत असेल."

सर 'पुढं?' म्हणाले नाहीत. मग मला हाताला धरून उठवलं, स्टूल पाय वर करून कोपऱ्यात ठेवलं आणि घंटा व्हायच्या आधीच वर्ग सोडला.

सोमवारी सर शाळेत आले नाहीत. जळगावला कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत गेले होते. स्टुलावरचं दाराबाहेर न्यायचं नाही हा नियम ज्यानं केला, त्यानंच दोन दिवसांत मोडला. गुरुवारी निरीक्षक आले. जाळीचे नट नवे होते, जाळीच्या पट्टीला गंज होता आणि नटाला नव्हता, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग शेटनी शांतपणे सांगितलं, "जाळी मिस्त्रीनं परस्पर काढली. मला कल्पनाच नव्हती." मी जिनच्या कचेरीच्या दाराशी उभा होतो. नाना म्हणाले, "साहेब, शेटनीच सांगितलं. मी दोनदा नाही म्हणालो."

"लेखी काही आहे का?" निरीक्षकांनी विचारलं.

"शेट कधी लिखी देतस का, साहेब?"

"मग तुमच्या तोंडी बोलण्याचं मी काय करू? अपघाताच्या आधीचा काही कागद, कुणाला लिहिलेली चिठ्ठी, काहीही?"

नानांनी रिकामे हात पुढं केले. ते दिसतात अजून मला, तसेच, हात पुढं करून उभे.

जाळी नव्हती हे सिद्ध झालं म्हणून केशरबाईच्या सासूला भरपाई मिळाली. सरांनी तिच्यासाठी कचेरीच्या खेपा घातल्या, प्रकाशला शाळेत घातलं, त्याची पुस्तकं कायम स्वतः आणली. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. कागदावर दोषी म्हणून नाव आलं ते एकट्या नानांचं. काम गेलं, खोली गेली. गावात बोललं जाऊ लागलं की मास्तरनं पोराची वही साहेबाला दाखवली, पोरानंच बापाला अडकवलं. आई मला एकदाच म्हणाली, "तुनी जीभ आमनं घर खाई गई." पुन्हा कधी नाही. नाना तेवढंही म्हणाले नाहीत.

सामान गाडीवर चढवत होतो तेव्हा सर सायकल घेऊन आले. नाना म्हणाले, "बसा गुरुजी." पण बसायला काही उरलं नव्हतं, सगळं गाडीवर गेलं होतं. सर उभेच राहिले. नानांनी त्यांना पाणी दिलं. मला त्या पाण्याचाच राग आला. मी ओरडलो, "माझी वही द्या." सर म्हणाले, "देतो." दिली नाही.

आम्ही जळगावला मेहरूणमधे आलो. नानांना मिस्त्री म्हणून कुणी ठेवलं नाही, ते एका गोदामाच्या फाटकावर बसू लागले. त्यांनी पुन्हा पान्हा हातात धरला नाही. सायकलची चेन उतरली तरी ढकलत दुकानापर्यंत न्यायचे. ज्या माणसाला आवाजावरून यंत्राचं दुखणं कळायचं, तो एक उतरलेली चेन बसवायला दुसऱ्याकडे जायचा. मी शाळा सोडली, भंगारात काम केलं, पुढं स्वतःचा धंदा उभा केला. मला कुणी काही दिलेलं नाही. नाना गेले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. त्यांच्या शेवटच्या आजारात एकदा म्हणालो, "नाना, माझ्या वहीनं तुम्हाला बुडवलं." त्यांनी मान भिंतीकडं वळवली. होय की नाही ते मला कळलं नाही.

सर बदली घेऊन धुळ्याला गेले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या मुलीचं, शोभाताईंचं, पोस्टकार्ड आलं. दादा, म्हणजे सर, आजारी आहेत, तुमची एक वस्तू त्यांच्याकडे आहे म्हणतात, येऊन जा. मी चार महिने गेलो नाही. मुद्दाम गेलो नाही. मग धुळ्यातल्या एका बंद जिनिंगची यंत्रं बघायला जावं लागलं, तेव्हा सौदा अर्धवट सोडून देवपुरात त्यांच्या घरी गेलो.

सर खाटेवर होते. छाती भात्यासारखी हलत होती. मला बघून म्हणाले, "भाव करायला आलास?"

"माझी वही घ्यायला आलोय. साहेबाला दिलीत, परत मागून घेतलीत का?"

त्यांनी शोभाताईंना खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायला सांगितली आणि बाहेर पाठवलं. वही पेटीत सगळ्यात खाली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "साहेबाला दिलीच नाही कधी," सर म्हणाले. "मी फक्त तोंडी सांगितलं. वाच."

मी पान उघडलं. जाळीचं चित्र. खाली माझंच चौदाव्या वर्षीचं अक्षर. 'ही जाळी नानांनी काढली. नानांना काढायची नव्हती. शेट म्हणाले सीझन आहे, काढून टाक. नाना दोनदा नाही म्हणाले.' आणि त्याखाली लाल शाईत सरांचा शेरा: 'चित्र सुंदर.' सही, तारीख. अपघाताच्या दहा दिवस आधीची.

पहिली ओळ मला आयुष्यभर आठवत होती. पुढच्या तीन ओळी मी लिहिल्या होत्या हेच माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. मी लिहिलेल्या वहीनं बाप बुडाला, एवढंच धरून मी मोठा झालो होतो. आणि निरीक्षक हाच तर कागद मागत होते. अपघाताच्या आधीचा, काहीही.

मी काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. शोभाताई दारात येऊन उभ्या राहिल्या, सरांनी हातानंच त्यांना परत पाठवलं. माझा आवाज बसला तेव्हा सर बोलायला लागले. मधे मधे दम लागत होता.

"चाळीस वह्या होत्या. मी चित्र बघितलं, मजकूर वाचला, शेरा मारला. मला कळलं नाही सुपडू. मी तुम्हाला विचारायचो इथं कोण नाही, आणि तुझ्या पानावर ती बाई नावानिशी होती, जाळी होती, सगळं होतं. मी लिहिलं चित्र सुंदर. दहा दिवस माझ्याकडे होते. बाई गेल्यावर वही पुन्हा उघडली तेव्हा कळलं."

"म्हणून मला स्टुलावर बसवलंत? तुम्हाला माहीत होतं, तरी माझ्याकडून वदवलंत?"

"हो."

"आणि वही लपवलीत."

"दोन कारणं होती. एक, तुझं नाव तरी बाहेर जायला नको. नियम मी मोडलाच होता, निदान पोराचं अक्षर साहेबाच्या टेबलावर जाऊ नये." ते थांबले. "दुसरं, तो शेरा. माझ्या सहीचा. ह्या मास्तरला आधीच माहीत होतं असं झालं असतं. लोकांना काय, स्वतःलासुद्धा मी पहिलंच कारण सांगत आलो."

"खरं कोणतं?"

"दोन्ही थोडी थोडी..."

"मधे उभं राहायला जागा नसते, सर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं, नुसते थकलेले डोळे. मग हळू म्हणाले, "दुसरं. दुसरं कारन खरं शे."

माफी त्यांनी मागितली नाही, मी दिली नसतीच. निघताना माझ्या हातातल्या वहीकडं बोट करून म्हणाले, "वाचायची असेल तिथं वाच. पण शेरा सोडू नको. अर्धं वाचू नको." मी वही पिशवीत घातली. यंत्रांचा सौदा त्या दिवशी केला नाही.

दोन महिन्यांनी सर गेले. भडगावच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली, आमच्या जुन्याच वर्गात. मी वही पिशवीत घेऊन गेलो होतो, पण वाचायची नाही असं ठरवून. पहिल्या रांगेत शोभाताई होत्या, कपाळावर हात धरून बसलेल्या. मेलेल्या माणसाशी हिशेब करण्याइतका मी हलका नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. कोपऱ्यात ते स्टूल होतं, पाय वर करून ठेवलेलं. इतक्या वर्षांत कुणी ते सुलटं केलं होतं की नाही, देव जाणे.

बरेच जण बोलले. मग प्रकाश उठला, केशरबाईचा मुलगा. आता तो सतरा-अठरा वर्षांचा उंच पोरगा होता, धुळ्याला कॉलेजात शिकत होता. त्याचं बोलणं साधं होतं, मनापासूनचं. सरांनी त्याच्या आजीसाठी काय काय केलं ते त्यानं सांगितलं. शेवटी म्हणाला, "एका मिस्त्रीनं हलगर्जीपणानं जाळी काढली आणि माझी आई गेली. त्याच गावात सरांसारखा माणूस होता, म्हणून मी आज उभा आहे."

त्यानं नाव घेतलं नाही. मिस्त्रीचा मुलगा समोर बसलाय हे त्याला माहीतही नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या.

मी उठलो. कुणी बोलावलं नव्हतं. कोपऱ्यात जाऊन स्टूल उचललं, वर्गाच्या मधोमध आणून सुलटं ठेवलं. शाईचा डाग होता. माझ्या वर्गातले दोनचार जण होते, त्यांना कळलं. मी म्हणालो, "इथं माझे नाना बसलेत. बाबूराव मिस्त्री." आणि पान वाचलं. चौथ्या रेच्यापासून सुरू केलं. केशरबाईचं नाव वाचलं, नानांचं उत्तर वाचलं, जाळीखालच्या चारही ओळी वाचल्या. तिथं थांबता आलं असतं. नानांचं काम तेवढ्यात होत होतं. पण सरांशी झालेला सौदा पूर्ण वाचायचा होता, अर्धं वाचायचं नव्हतं. मी शेरा वाचला. सही वाचली. तारीख वाचली. ती कधीची, तेही सांगितलं. साहेब काय मागत होते आणि वही कुठं होती, तेही.

प्रकाश माझ्याजवळ आला. मला वाटलं मारतो की काय, आणि मारलं असतं तर मी हात उचलला नसता. त्यानं वही मागितली. जाळीकडं बघितलंच नाही. बोटानं वरची ओळ शोधली आणि आईच्या नावावर बोट ठेवून उभा राहिला. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, तिनं सांगितलं होतं तसं. "हे तिनं लिहायला सांगितलं?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. त्याच्या घरात तिचा फोटो नव्हता, हे नंतर कळलं. वही मी त्याच्याकडेच राहू दिली.

बाहेर पडताना शोभाताई व्हरांड्यात भेटल्या. चिडलेल्या नव्हत्या. नुसत्या म्हणाल्या, "खोटं काही वाचलं नाहीत, मला माहीत आहे. त्यांनी मला सांगितलं होतं. पण भाऊ, आजचा एक दिवस थांबला असतात तर चाललं नसतं का?"

समोरच्यानं काहीही म्हटलं तरी माझ्याकडे उलट बोल तयार असतो, त्यावरच माझा धंदा चालतो. त्यांच्या ह्या प्रश्नाला मी आजवर उत्तर देऊ शकलेलो नाही. त्या दिवशी वर्गात कोण नव्हतं, हे ठरवताना मी नानांना मोजलं. सरही नव्हते, ते मोजायचं राहिलं.

आत स्टूल तसंच मधोमध होतं. ते पाय वर करून कोपऱ्यात ठेवायचं काम माझं होतं, मीच ते काढलं होतं. मी दारापर्यंत गेलो, बघितलं आणि तसंच ठेवून स्टँडकडं चालू लागलो.